विहीर नंबर तीनचं कार्ड

विकास नगर, लखनौ
रविवार, २१ जुलै १९९६

चि. दीप्तीस आशीर्वाद.

तीन वर्षांत मी तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. पुण्याचा पत्ता तुझ्या आईनं दिला नाही. मी मागितलाही नाही. तूरडाळीच्या डब्याखाली घडी घालून ठेवला होता, तो मला दिसला. तू दर रविवारी फोन करतेस हेही मला माहीत आहे. मी अकराला भाजीला जातो, बाराला येतो, तेव्हा रिसीव्हर गरम असतो. विचारलं तर आई म्हणते, राँग नंबर होता. तासभर राँग नंबर.

असो. भांडायला बसलेलो नाही. मी निवृत्त झालो, हे आईनं सांगितलंच असेल. बत्तीस वर्षं सरकारी पगारात विहिरी मोजल्या. आता घरी बसून मी चहापत्तीचा डबा मोजतो, अशी तिची तक्रार आहे. तर मला एक काम मिळालंय. इथल्या एका संस्थेनं कॉलेजच्या मुलांसाठी योजना काढली आहे. वर्षभर पाणलोटाचं काम शिकायचं आणि वर शिकणाऱ्यानंच दरमहा पाचशे रुपये घ्यायचे. चार मुलांमागे एक अनुभवी माणूस, त्याला मार्गदर्शक म्हणतात. नाल्यांवर बांध घालायच्या नव्या योजना गावोगाव येणार, त्यांना जाणती माणसं लागणार, ती आतापासून तयार करायची, असं संस्थेच्या रस्तोगी मॅडम सांगतात. मुलंही मुद्दाम अशी निवडली आहेत, की ज्यांच्या घरात या कामाचं नाव कुणी ऐकलेलं नाही.

मला पहिल्या दिवसापासून यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. शिकायला पैसे कोण देतं? आम्ही फी भरून शिकलो आणि वर साहेबाची बोलणी खाल्ली. रस्तोगी मॅडम तर जरा जास्तच गोड बोलतात. मलाच का निवडलं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हणाल्या, "आप बारीकी से देखते हैं." यात काय खोच आहे, ते अजून मला सापडलेलं नाही.

माझ्या चौघांत एक हणमंत आहे, छावणीतल्या हवालदार साळुंख्यांचा मुलगा. मी मराठीत विचारतो, तो "हाँ सर, हो जाएगा" म्हणतो. दुसरी नुजहत. मलिहाबादची, बाप आंब्याच्या बागेचा रखवालदार. इथं डालीगंजला मावशीकडे राहून बी.एस्सी. करते. हे पाचशे मिळतात म्हणूनच घरच्यांनी तिला शहरात ठेवलंय, हे तिनंच सांगितलं. उरलेले दोघं काही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

मलिहाबादच्या पलीकडे एक नाला आहे. त्याच्या आजूबाजूच्या वीस विहिरी आम्ही धरल्यात, प्रत्येकाला पाच. महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खाली आहे ते कार्डावर लिहायचं. उद्या नाल्यावर बांध झाले की पाणी किती चढलं ते यावरून कळणार. फेब्रुवारीत मी स्वतः विसाच्या वीस विहिरी फिरलो आणि प्रत्येक कठड्यावर लाल बाण काढला. टेप बाणापासून सोडायची. प्रत्येक कार्डाचं पहिलं पानही माझ्याच हातचं. बाण कुठं आहे, कठडा जमिनीपासून किती उंच आहे, सगळं लिहिलंय. खूण हलली तर पहिल्या पानावर नोंद करा, नाहीतर पुढचे सगळे आकडे म्हणजे गप्पा, हे मी पोरांकडून घोकून घेतलं.

मागच्या महिन्यात नुजहत दसहरीची पेटी घेऊन घरी आली. आंबे कशासाठी? मी पेटी परत न्यायला लावली. चार दिवसांनी मागच्या अंगणात मला साली आणि कोयी दिसल्या.

तुझा,
बाबा

*ता. क. — आंबे फार गोड होते गं. यांनी पण खाल्ले, बाजारातले समजून. — आई*


विकास नगर
१८ ऑगस्ट १९९६

दीप्ती,

मागच्या पत्रात तुझ्या आईनं काही खरडलं का? मी पत्र टाकायला दिलं तेव्हा ती अर्धा तास आतल्या खोलीत होती. आज मी पाकीट स्वतः चिकटवणार आहे.

मला जे वाटत होतं ते निघालं. नुजहतचं विहीर नंबर तीनचं कार्ड मी गेले दोन महिने बघतोय. ही विहीर तिचा बाप राखतो त्याच बागेत आहे. आकडे फार गुळगुळीत. पाणी दर पंधरवड्याला कसं शहाण्यासारखं थोडं थोडं वर येतंय. खरी विहीर इतकी शहाणी नसते. त्यातून ताजी नोंद पंधरा ऑगस्टची, कार्ड त्याच संध्याकाळी माझ्याकडे पोचतं केलेलं. सुट्टीचा दिवस, वर पाऊस, अशा दिवशी कॉलेजची मुलगी विहिरीवर जाते? मला पटेना.

सोळाला सकाळी कुणाला न सांगता मलिहाबादची बस धरली. तुझ्या आईला म्हटलं बँकेत जातो. बागेत चिटपाखरू नव्हतं. कठड्यावर लाल बाण होता, तिथून टेप सोडली. पाच मीटर अठ्ठावन्न. दोनदा सोडली, दोन्हीदा तेच. नुजहतच्या कार्डात आदल्या दिवशीचा आकडा पाच मीटर बारा. शेहेचाळीस सेंटिमीटरचा फरक. भर पावसाळ्यात एका रात्रीत विहीर अर्धा मीटर खाली जात नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पोरगी डालीगंजला बसून आकडे लिहिते.

खरं सांगू, परत येताना बसमध्ये मला बरं वाटत होतं. अजून माझी नजर शाबूत आहे असं वाटलं.

तू म्हणशील, बाबांची जुनी खोड. म्हण. तुझ्या लूनाचा मीटर मी रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहीत होतो, ती वही तुला सापडली आणि तू घर सोडलंस. पण वहीतले आकडे खोटे नव्हते. घर ते कॉलेज ते घर, चौदा किलोमीटर. मंगळवारी आणि शुक्रवारी पंचवीस. ते अकरा किलोमीटर तू कुणाबरोबर जात होतीस, एवढंच मी विचारलं होतं. पाहुण्यांसमोर विचारायला नको होतं, तेवढी चूक मी मान्य करतो. तू मात्र एक शब्द बोलली नाहीस, आणि गप्प बसणाऱ्याबद्दल माणूस काय समजणार?

बाबा


विकास नगर
२ सप्टेंबर १९९६

दीप्ती,

काम तडीस नेलं. शनिवारी संस्थेत महिन्याची बैठक होती. सगळी मुलं, रस्तोगी मॅडम, बाकीचे मार्गदर्शक. मी दोन आकडे फळ्यावर लिहिले, एकाखाली एक, आणि नुजहतला उभं करून विचारलं, यातला विहिरीतला कुठला आणि घरातला कुठला?

ती म्हणाली, "सर, कार्ड का पहला पन्ना देख लीजिए."

मी म्हटलं, पहिलं पान मीच लिहिलंय, ते मला पाठ आहे, विषय बदलू नकोस. ती पुन्हा तेच म्हणाली. सापडलेला माणूस असाच एका वाक्याला धरून बसतो. मी नोकरीत असे पुष्कळ पाहिलेत. मॅडम म्हणाल्या, एकदा कार्ड मागवून बघू या का, पण मी म्हटलं, माझ्या मोजमापावर शंका असेल तर मी आत्ता राजीनामा देतो. मग त्यांनी विषय सोडला. नुजहतचं नाव कमी केलं, तिच्या पाच विहिरी हणमंतकडे दिल्या. ती टेप टेबलावर ठेवून गेली. सगळं नियमानं झालं. त्यानंतर जेवण पण चांगलं होतं.

तुला हे कशाला लिहितोय ते मलाच माहीत नाही. कुणालातरी सांगावंसं वाटलं, आणि तुझी आई त्या दिवसापासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते.

बाबा

*दीप्ती, पाकीट वाफेवर उघडलं. ही विद्या यांच्याकडूनच शिकले, तुला येणारी पत्रं हे अशीच उघडायचे. जेवण चांगलं होतं म्हणतात, पण घरी आल्यावर पहिल्यांदा दहीभात मागितला, म्हणजे तिथं घास उतरला नव्हता. ती मुलगी जाता जाता आपल्या घरी येऊन गेली. रडली नाही. यांची दोन पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून परत केली आणि म्हणाली, "आंटी, अब अब्बू वापस बुला लेंगे." मावशीकडे खर्च देता येत नाही तर कॉलेज कुठून. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, खोटं बोलताना हा विचार करायचा. म्हणून मी यांच्याशी अबोला धरलाय. यातलं थोडं या मुलीचं आहे आणि थोडं तुझं. — आई*


विकास नगर
२९ सप्टेंबर १९९६

दीप्ती,

हे पत्र लिहायला मी आठ दिवस लावले. तीन कागद फाडले.

२१ तारखेला, शनिवारी, हणमंत नुजहतच्या विहिरींची कार्डं घेऊन आला. बदलाबदलीत एक तारीख हुकली, म्हणून पंधरा सप्टेंबरला त्यानं पहिल्यांदाच तिथं मोजणी केली होती. विहीर नंबर तीनचा आकडा त्यानं पेन्सिलीनं लिहिला होता आणि माझ्याकडे बघत डोकं खाजवत होता. काय झालं म्हणून विचारलं.

"सर, इसमें से छियालीस घटाना है ना? पहले पन्ने पे लिखा है."

मी कार्ड त्याच्या हातून घेतलं आणि पहिलं पान उघडलं. वर माझं अक्षर. बाण पूर्वेच्या बाजूला, कठडा जमिनीपासून साठ सेंटिमीटर. मी फेब्रुवारीत लिहिलं आणि त्यानंतर ते पान पुन्हा उघडलंच नव्हतं. आपलंच अक्षर माणूस कशाला वाचेल? त्याच्या खाली, मी सोडलेल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं:

"३ जुलाई. कुएँ में बछड़ा गिर गया था. मालिक ने मुंडेर छियालीस सें.मी. ऊँची करवाई. पुराना तीर दब गया, ऊपर नया तीर बनाया है. आगे हर नाप में से ४६ घटाया जाएगा. — नुजहत"

बागेत वासरू विहिरीत पडलं, म्हणून मालकानं कठडा चढवून घेतला. माझा बाण सिमेंटखाली गेला. या मुलीनं तसाच नवा बाण वर काढला, फरक मोजला, नोंद केली आणि दर वेळी तो वजा करत राहिली, म्हणजे जुने-नवे आकडे एका रांगेत राहतील. मी घोकून घेतलं होतं ते सगळं तिनं एकटीनं, न विचारता केलं. आणि मी तिच्याच बाणापासून टेप सोडून तिला खोटं ठरवलं. पाच अठ्ठावन्नमधून शेहेचाळीस गेले की पाच बारा. पंधरा ऑगस्टला, पावसात, ती विहिरीवर गेली होती.

कठडा एवढा वाढलेला माझ्या लक्षात कसा आला नाही, असं तू विचारशील. मी कठड्याकडे पाहिलंच नाही. मी बाण शोधत होतो, बाण सापडला. त्या आधी मी घरून चोर ठरवूनच निघालो होतो.

हणमंतला मी म्हटलं, हे तुला बैठकीच्या दिवशी माहीत होतं? त्यानं पेन्सिल खिशात ठेवली. मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलला. "सर, नुजहत दोनदा बोलली की. तुम्ही ऐकलं नाही, तर माझं काय ऐकणार होता?"

मला लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

बाबा


विकास नगर
शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९९६

प्रिय दीप्ती,

रस्तोगी मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाल्या, लिहून द्या. दिलं. मग म्हणाल्या, जागा अजून तिचीच आहे, पण तिला आणायला मी चिठ्ठी पाठवणार नाही, तुम्ही जा. मी त्यांच्यावरही संशय घेत होतो. बाईचा दोष एवढाच की ती सरळ आहे.

शनिवारी मलिहाबादला गेलो. या वेळी तुझ्या आईला खरं सांगून गेलो. नुजहतचा बाप बागेत भेटला, सुकलेल्या फांद्या छाटत होता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, मग म्हणाला, "साहब, लड़की तो कह रही थी, पन्ना पढ़ लेते." एवढंच. माझ्या वडिलांच्या वयाचा दिसतो, माझ्याहून लहान असेल.

नुजहत आली. मी हात जोडले. ती एकदम मागे सरली, तिला ते आवडलं नाही. मी पाठ करून नेलेलं सगळं विसरलो. माझ्या पिशवीतली टेप बघून ती म्हणाली, "नापिए, सर."

बाप मागे उभा होता. मी टेप सोडली, आकडा वाचला, शेहेचाळीस वजा करून मोठ्यानं सांगितला. मी कार्ड नेलं होतं. तिनं ते उघडून पंधरा ऑगस्टची ओळ काढली, जिथं मी लाल शाईनं 'खोटी नोंद' असा शेरा मारला होता. "यहाँ लिख दीजिए. दस्तख़त के साथ. कार्ड तो हमेशा रहेगा ना, सर." मी लिहिलं: नोंद बरोबर आहे, चूक तपासणाऱ्याची. सही केली, तारीख घातली. तिनं फुंकर मारून शाई वाळवली, बापाला वाचून दाखवलं, मग कार्ड मिटलं.

मग मी विचारलं, सोमवारपासून येशील ना? येईन म्हणाली, पण दुसऱ्या मार्गदर्शकाकडे. "सीखा आप ही से है, सर. पर अब आप मेरा लिखा पढ़ेंगे तो मुझे डर लगेगा."

दीप्ती, तुझी पत्रं मला का येत नाहीत, ते मला त्या बागेत कळलं. तुझं लिहिलेलं मी वाचायला घेतलं की तुला भीती वाटत असेल. बाप असून मुलीला आपली भीती वाटावी, आणि ते मला एका परक्या मुलीनं सांगावं. परतीच्या बसमध्ये मला रडू आलं. शेजारचा माणूस म्हणाला, बाबूजी, धूळ फार आहे, खिडकी लावून घ्या.

नुजहत सोमवारी आली. आता मिश्राजींच्या गटात आहे. मावशीकडेच राहते. जिन्यात भेटली तर नमस्ते करते आणि पुढे जाते. पुरे आहे मला तेवढं.

आता दुसरं. घरी आलो आणि तुझ्या आईला सगळं सांगितलं, सही केली तेही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता माझंही लिहून घ्या. ते अकरा किलोमीटर माझे होते."

मला काही कळेना. म्हणाली, तिचं छावणीतलं महिला मंडळ कुठल्या वारी असायचं ते आठवा. मंगळवार आणि शुक्रवार. मला आठवलं, दीप्ती. माझ्या वहीत तेच वार होते. दोन वर्षं मी मीटर लिहीत होतो आणि माझी बायको दर मंगळवारी-शुक्रवारी कुठं जाते हे मला माहीत होतं, पण या दोन गोष्टी मी एकदाही शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. तू कॉलेजातून छावणीत, आईच्या मंडळातल्या माणिकमावशींकडे जायचीस, आणि छावणीतल्या रिकाम्या रस्त्यांवर आईला लूना शिकवायचीस. तिनं एकदा मला विचारलं होतं, मी शिकू का? मी जेवणाऱ्या चार माणसांत हसलो होतो. म्हणालो होतो, या वयात हाडं मोडलीस तर जोडायला कुणाला वेळ आहे? ते मी विसरलो. ती विसरली नव्हती.

म्हणजे मी पाहुण्यांसमोर तुला 'तो कोण' असं विचारत होतो, तेव्हा 'तो' स्वयंपाकघरात भजी तळत होता. आईनं दारातून तुला नजरेनं गप्प राहायला सांगितलं आणि तू राहिलीस. घर सोडलंस तरी राहिलीस. तुझी आई म्हणते, त्या दिवशी ती घाबरली आणि नंतर सांगायला तोंड उरलं नाही. त्या संध्याकाळी तिच्या पोळ्या करपल्या आणि आम्ही दोघांनी त्या तशाच खाल्ल्या.

लूनाची वही मी काढली. त्यात शेऱ्याचा रकाना नव्हता, मी पट्टीनं आखला. शेवटच्या पानावर लिहिलं: सर्व आकडे बरोबर, अर्थ चुकीचा, चूक तपासणाऱ्याची. सही केली आहे. वही याच पाकिटात घालतोय. तू ठेव किंवा जाळ, ती आता तुझी आहे. मी माफी मागतो, दीप्ती. तुला मला पत्र लिहावं लागणार नाही. मी वाट बघेन, पण मागणार नाही.

एक सांगून ठेवतो. येत्या रविवारी मी नेहमीसारखा अकराला भाजीला जाईन. आल्यावर रिसीव्हरला हात लावणार नाही.

पाकीट उघडंच ठेवतोय. आईला काय लिहायचं ते लिहू दे.

तुझा,
बाबा

*रविवार, १३ ऑक्टोबर*

*दीप्ती, पाकीट दोन दिवस मुद्दाम ठेवून घेतलं. तुझा फोन झाला आणि पाच मिनिटांत हे आले. पिशवी ठेवली. फोनपाशी उभे राहिले. मग आत जाऊन पाणी प्याले, आणि मेथी निवडायला बसले. हात लावला नाही. मी पडद्याआडून बघत होते. सवय लागते गं.*

*लूना अजून चालू आहे. संध्याकाळी पोस्टाच्या पेटीपर्यंत मीच नेणार आहे. हे मागे बसतो म्हणतात. — आई*